प्रतीक्षा-कक्षाची हवा: वरच्या थरातील यूव्ही-सी दिवे आणि गाळणपेट्या, प्रकल्प नोंदी

३ जून २०२४. खोलीची पाहणी

बाह्यरुग्ण विभागाबाहेरची प्रतीक्षा-खोली. इथे हवेतून होणारी लागण कमी करायची आहे, गाळणपेट्यांनी आणि यूव्ही-सी म्हणजे जंतू मारणाऱ्या अतिनील किरणांच्या दिव्यांनी. लांबी ८ मी., रुंदी ६ मी., उंची ३.३ मी.; घनफळ १५८.४ घनमीटर. खुर्च्या २६, नोंदणीच्या टेबलाशी दोघे जण आठ तास बसून. गर्दीच्या वेळी एकूण ३० माणसे धरायची.

एका लांब भिंतीत दोन खिडक्या, समोरच्या भिंतीत दार. छताला दोन पंखे, पाती जमिनीपासून २.८ मीटरवर, ॲल्युमिनियमची, रंग न दिलेली. छत आणि भिंतींचा वरचा भाग चुन्याने रंगवलेला. एक स्प्लिट एसी. हा एसी खोलीतलीच हवा थंड करून परत सोडतो, बाहेरची थेंबभरही आणत नाही. "एसी चालू आहे म्हणजे हवा खेळती आहे" हा समज इथेही भेटला, आणि एसीसाठी खिडक्या घट्ट बंद ठेवायची सवयही.

छताची उंची, पंख्यांची पातळी आणि चुना या तिन्ही गोष्टी पुढे लागणार आहेत म्हणून आधीच टिपल्या. चुन्याची गोष्ट बहुतेक जण विसरतात.

४ जून. मुळात हवा किती बदलते?

दिवे-गाळण्या विकत घेण्याआधी हे मोजायलाच हवे. संध्याकाळी खोली रिकामी झाल्यावर उरलेला कार्बन डायऑक्साइड किती वेगाने उतरतो ते पाहिले. दार-खिडक्या बंद, पंखे मंद (हवा सारखी मिसळावी म्हणून), १.२ मीटर उंचीवर तीन ठिकाणी मापक, दर मिनिटाला नोंद. माणूस मापकाजवळ थांबायचा नाही. एका उच्छ्वासाने आकडा शेकड्यांनी उडतो.

मापक इन्फ्रारेड पद्धतीचाच हवा. काही स्वस्त मापक हवेतल्या इतर वाफांवरून कार्बन डायऑक्साइडचा निव्वळ अंदाज दाखवतात. जवळ सॅनिटायझरची बाटली उघडली की त्यांचा आकडा चढतो. ते या कामाला निरुपयोगी.

हिशेब असा: खोलीतल्या आकड्यातून बाहेरचा आकडा वजा करायचा, सुरुवातीच्या वजाबाकीला शेवटच्या वजाबाकीने भागायचे, त्याचा नैसर्गिक लॉगरिथम घ्यायचा आणि तासांनी भागायचे. येतात ते ताशी हवाबदल.

बाहेर ४३० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४३० भाग). आत १६५० वरून एका तासात १०१०. १२२० भागिले ५८०, त्याचा लॉग ०.७४. म्हणजे ताशी ०.७४ हवाबदल, सुमारे ११७ घनमीटर. ३० माणसांत वाटले तर माणशी सेकंदाला जेमतेम १.१ लिटर. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये साध्या सार्वजनिक इमारतींसाठीसुद्धा माणशी किमान १० लिटर सुचवले आहेत. रुग्णालयांसाठी तर रुग्णागणिक ६०.

खिडक्या आणि दार सताड उघडून हीच चाचणी: वारा असताना १५ मिनिटांत १६०० वरून ७००, म्हणजे ताशी ५.९. वारा पडल्यावर तेवढ्याच वेळात १६०० वरून १०१०, म्हणजे २.८. खिडकी फुकट आणि उत्तम, पण तिचा आकडा वारा ठरवतो. आराखडा तिच्यावर बेतता येत नाही.

६ जून. लक्ष्य

ताशी १२ 'समतुल्य' हवाबदल. अमेरिकेतील आपत्कालीन विभागांच्या प्रतीक्षा-खोल्यांसाठी हाच आकडा धरतात. १२ गुणिले १५८.४ म्हणजे ताशी सुमारे १९०० घनमीटर निर्जंतुक हवा. ती बाहेरून आलेली, गाळलेली किंवा दिव्याने निर्जंतुक केलेली, कशीही चालते, म्हणून 'समतुल्य'.

एका हवाबदलात सगळी हवा बदलते असे नाही. जुनी-नवी मिसळत राहते, त्यामुळे एका बदलात ६३ टक्केच जाते. ९९ टक्के जायला ४.६ बदल लागतात. १२ च्या दराने २३ मिनिटे. आजच्या ०.७४ च्या दराने सहा तासांहून जास्त: सकाळी खोकून गेलेल्या माणसाचे कण दुपारी आलेल्या माणसाच्या वाट्याला.

वाटणी अशी धरली. बाहेरची हवा ताशी ३ बदल, खिडकीत एक्झॉस्ट पंखा बसवून. बाकी ९ गाळणपेट्या आणि यूव्ही मिळून. बाहेरच्या हवेचा हिस्सा पूर्ण वगळायचा नाही, कारण गाळणी किंवा दिवा कार्बन डायऑक्साइड काढत नाही आणि वासही फारसा काढत नाही.

७ जून. एक्झॉस्ट पंखा

बसवला. पहिल्या चाचणीत अपेक्षेच्या अर्धाही बदल नाही. कारण उघड होते: बाहेर टाकलेल्या हवेची जागा घ्यायला आत वाटच नव्हती. पंख्यापासून लांबच्या खिडकीची एक फळी १० सेंटीमीटर उघडी राहील असा अडसर लावला. त्यानंतर २० मिनिटांत १५०० वरून ८२५, ताशी ३.० बदल. एसीवर भार थोडा वाढणार, तो मान्य. पंख्याजवळचीच खिडकी उघडली असती तर ताजी हवा आली तशीच बाहेर गेली असती.

१० जून. काय घ्यायचे, काय नाही

नाकारलेले:

ओझोन यंत्र. जंतू मरतील इतका ओझोन सोडला तर खोलीत माणूस बसू शकत नाही आणि माणूस बसू शकेल इतक्या ओझोनने जंतू मरत नाहीत.

जंतुनाशकाची धुरळणी. रिकाम्या खोलीत केली तरी पुढचा खोकणारा आत येताच तिचा उपयोग संपतो.

उघडे यूव्ही दिवे. माणसे असताना लावता येत नाहीत, आणि हवेतून लागण होते ती माणसे असतानाच.

२२२ नॅनोमीटर तरंगलांबीचे क्रिप्टॉन-क्लोराइड यूव्ही दिवे. तत्त्व चांगले, पण ते थोडा ओझोन तयार करतात आणि इथे बाहेरची हवा कमी. या खोलीपुरते बाजूला ठेवले.

घेतलेले: वरच्या थरातील २५४ नॅनोमीटरचे दिवे. भिंतीवर उंच बसवायचे. पुढच्या आडव्या पट्ट्यांमुळे किरण फक्त डोक्यांच्या वरच्या थरात पसरतात. माणसे खाली, किरण वर, आणि हवा दोन्हींत फिरत राहते.

कल्पना जुनी आहे. अमेरिकी संशोधक विल्यम वेल्स यांनी १९३० च्या दशकात वाळलेल्या थेंबांचे सूक्ष्म अवशेष हवेत तरंगत राहतात हे मांडले आणि त्या दशकाच्या अखेरीस फिलाडेल्फियाजवळच्या शाळांत असे दिवे लावून गोवराचा प्रसार कमी झाल्याचे दाखवले. रिचर्ड रायली यांनी बाल्टिमोरमध्ये क्षयरुग्णांच्या वॉर्डातली हवा गिनीपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली. यूव्हीतून गेलेली हवा मिळालेल्या प्राण्यांना लागण झाली नाही. पेरूतील लिमा येथील २००९ च्या गिनीपिग अभ्यासातही वरच्या थरातले दिवे परिणामकारक ठरले, आणि तिथे हवा ढवळणारे पंखे सोबत होते. हा शेवटचा तपशील महत्त्वाचा. वरचा थर कितीही प्रखर असला तरी खालची हवा तिथे पोचली नाही तर दिवा छतालाच निर्जंतुक करत बसतो.

११ जून. दिव्यांचा हिशेब

इथे हमखास चूक होते. ३० वॅटची पारानळी (पाऱ्याची वाफ भरलेली यूव्ही नळी) विजेच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे सुमारे १० वॅट, यूव्ही-सी देते. पण पट्ट्यांच्या दिव्यातून त्यातले दहा टक्क्यांहूनही कमी खोलीत येते. बाकी पट्ट्या गिळतात. म्हणून नळीच्या वॅटवरून खोलीचा हिशेब करायचा नाही. दिव्याबाहेर पडणारे, प्रयोगशाळेत मोजलेले यूव्ही-सी उत्सर्जन किती, हे विचारायचे. तो आकडा न देणाऱ्या उत्पादकाचा दिवा घ्यायचा नाही.

प्रमाण: संपूर्ण खोलीच्या प्रत्येक घनमीटरला १५ ते २० मिलिवॅट. १७ धरले तर १५८.४ गुणिले १७ म्हणजे २.७ वॅट. निवडलेल्या दिव्याचे मोजलेले उत्सर्जन ०.७५ वॅट, चार दिवे म्हणजे ३ वॅट, घनमीटरला १८.९ मिलिवॅट. ठीक.

नळी 'ओझोनरहित' काचेचीच. पारा २५४ सोबत १८५ नॅनोमीटरचे किरणही सोडतो आणि ते ऑक्सिजनपासून ओझोन बनवतात. ओझोनरहित नळीची काच १८५ अडवते, २५४ जाऊ देते. बाहेरून दोन्ही नळ्या सारख्याच दिसतात.

१३ जून. गाळणपेट्या दोन

एका पेटीला: मर्व्ह १३ दर्जाच्या (मर्व्ह ही गाळणी किती कण पकडते ते सांगणारी श्रेणी) ५० × ५० × ५ सेंमी.च्या चार गाळण्या, ५० सेंमी.चा चौकोनी पंखा, तळाला जाड पुठ्ठा, रुंद डक्ट टेप. रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेंथल यांच्या नावाने २०२० पासून ओळखला जाणारा आराखडा.

चार गाळण्या उभ्या करून खोका बनवायचा. कडेवरचे बाण आतल्या बाजूला. आधी आतून, मग बाहेरून टेप. खाली पुठ्ठा, वर पंखा, हवेचा झोत छताकडे. पंख्यावर पुठ्ठ्याचे कडे: मधोमध ३८ सेंमी. व्यासाचे भोक, कोपरे झाकलेले. हे कडे शोभेचे नाही. चौकोनी पंख्याच्या कोपऱ्यांतून हवा उलटी आत ओढली जाते आणि तीच तीच फिरते. कड्याने ती वाट बंद होते.

गळती शोधायला पंखा लावून सांध्यांवरून टिश्यू पेपरची बारीक पट्टी फिरवली. दुसऱ्या पेटीच्या एका खालच्या कोपऱ्यात पट्टी आत खेचली गेली. टेप धुळकट पुठ्ठ्यावर बसली नव्हती. पुसून पुन्हा लावली.

हेपा, म्हणजे अतिसूक्ष्म कण पकडणारी दाट गाळणी, का नाही? मर्व्ह १३ गाळणी १ ते ३ मायक्रोमीटरचे कण एका फेरीत ८५ टक्के पकडते, ०.३ ते १ मायक्रोमीटरचे निदान निम्मे. हेपा ९९.९७ टक्के पकडते, पण हवेला अडथळाही खूप करते आणि असला साधा पंखा तिच्यापुढे हतबल होतो. खोलीची हवा एकाच फेरीत स्वच्छ करायची नसते. कमी अडथळ्यातून जास्त हवा पुन्हा पुन्हा जावी, हे इथे फायद्याचे.

सूचना चिकटवली: गाळणीवर सॅनिटायझर फवारायचे नाही, धुवायची नाही. या गाळण्यांच्या तंतूंवर विद्युतभार असतो, त्याने बारीक कण ओढले जातात. अल्कोहोलने तो भार उतरतो. गाळणी दिसायला स्वच्छ आणि कामाला अर्धवट.

१५ जून. पेट्यांची चाचणी

नेब्युलायझरमध्ये ०.९ टक्के सलाइन घालून खोलीत सूक्ष्म मीठकण सोडले आणि पीएम २.५ मापकाने (२.५ मायक्रोमीटरपर्यंतचे कण मोजणारा) उतार मोजला. एसी चालू, आर्द्रता ५५ टक्के. ७५ च्या पुढे मीठकण पाणी शोषून फुगतात आणि मापक खोटे बोलतो. एक्झॉस्ट बंद.

पेट्या बंद: ताशी १.१ (हवाबदल आणि आपोआप खाली बसणारे कण मिळून).
दोन्ही पेट्या जोरात: १५ मिनिटांत ३०० वरून ३३, म्हणजे ८.८. पेट्यांचा वाटा ७.७, प्रत्येकी ताशी ६१० घनमीटर.
दोन्ही मंद: १५ मिनिटांत ३०० वरून ७२, म्हणजे ५.७. वाटा ४.६, प्रत्येकी ३६४.

जोरात असताना टेबलापाशी ५८ डेसिबल, मंद असताना ४४. नाव पुकारले की ऐकू आले नाही तर कोणीतरी उठून पंखा मंद करणारच, किंवा सरळ बंद. म्हणून हिशेब मंद गतीवर: ३.० अधिक ४.६ म्हणजे ७.६. उरलेले ४.४ यूव्हीने भरायचे. यूव्ही आवाज करत नाही, ही त्याची या खोलीतली खरी बाजू.

१९–२० जून. दिवे बसवले

खालची कड २.३५ मीटरवर. २.१ च्या खाली कधीच नाही. हात वर केला तरी पोचू नये. दोन दिवे खिडक्यांच्या भिंतीवर, एकेक आखूड भिंतींवर. वेगळी एमसीबी, किल्लीचा स्विच, अर्थिंग. झाकण उघडताच वीज तोडणारा स्विच प्रत्येक दिव्यात आहे. तो चारही ठिकाणी तपासला. नळी हातमोजे घालून बसवली. बोटांचे तेल काचेवर भाजून डाग पडतो आणि तेवढा भाग अंधारतो.

स्पिरिट लेव्हल आडवी आणि पुढे-मागे, दोन्ही दिशांनी लावायची. दिवा पुढे फक्त एक अंश झुकला तर ६ मीटरवरच्या भिंतीवर किरणांचा पट्टा १० सेंमी.ने खाली येतो.

२२ जून. डोळ्यांच्या उंचीवर मोजणी: नापास

माणसावर पडणाऱ्या किरणांची सुरक्षित मर्यादा: २५४ नॅनोमीटरला आठ तासांत चौ.सेंमी.ला ६ मिलिज्यूल. सतत आठ तास बसणाऱ्यासाठी तिचा अर्थ ०.२ मायक्रोवॅट प्रति चौ.सेंमी. मापक २५४ साठीच कॅलिब्रेट केलेला आणि ०.०१ पर्यंत दाखवणारा हवा. उन्हाचे यूव्ही मोजणारा मापक इथे शून्य दाखवून खोटा दिलासा देतो.

मोजणाऱ्याला पॉलिकार्बोनेटचा मुखपट, पूर्ण बाह्या, हातमोजे. दिवे २० मिनिटे तापू दिले. १.७ मीटर उंचीवर मीटरभराच्या अंतराने ३५ बिंदू, प्रत्येक ठिकाणी मापक चहूकडे फिरवून सर्वांत मोठा आकडा घेतला. बसलेल्यांसाठी १.२ मीटरवर वेगळे.

एक गोष्ट मुद्दाम: ही मोजणी नव्या नळ्यांवरच, पहिल्याच दिवशी. पहिल्या १०० तासांत नळीची प्रखरता झपाट्याने उतरते, म्हणून सुरक्षिततेच्या दृष्टीने आजचा दिवस सर्वांत वाईट आहे. परिणामकारकतेची मोजणी मात्र १०० तासांनंतर.

३५ पैकी २९ बिंदू ०.१५ च्या आत. दोन ठिकाणे वाईट:
- ३ क्रमांकाच्या दिव्यासमोरच्या भिंतीजवळ ५ बिंदू ०.२ च्या वर, कमाल १.१. तिथे दीड तासात दिवसाची मर्यादा संपते.
- नोंदणीच्या टेबलापाशी ०.६, पण पंखा चालू असतानाच. बंद केला की ०.१४.

दिवे बंद करून किल्ली काढून ठेवली.

२४ जून. दुरुस्ती

दिवा क्र. ३ पुढे झुकलेला निघाला. मागच्या खालच्या स्क्रूखाली भिंतीचा पोपडा सुटला होता. तो खरवडून वॉशर घातले, १.१ वरून ०.३५. उरलेले चुन्याचे. चुना डोळ्यांना दिसतो पांढरा आणि यूव्ही-सीलाही तो जवळपास आरशासारखाच. उलट टायटॅनियम डायऑक्साइडचा साधा पांढरा रंग यूव्ही-सी बहुतांश गिळतो. समोरच्या भिंतीवर २.१ मीटरपासून छतापर्यंत असा मॅट रंग दिला: ०.१२. छतालाही तोच.

पंखा: दिव्याचे वर जाणारे किरण पात्यांच्या खालच्या बाजूवर पडून टेबलावर परतत होते. खालची बाजू काळ्या मॅट रंगाने रंगवली, ०.१४. रंग पात्यांवर कमी-जास्त बसल्याने पंखा डुलायला लागला. हलक्या पात्यावर वजनाची क्लिप लावून तो सरळ केला.

पूर्ण ३५ बिंदू पुन्हा मोजले, पंखे चालू आणि बंद दोन्ही. कमाल ०.१७. दिवे वापरासाठी खुले.

२९ जून. वरच्या थराची मोजणी

नळ्यांनी १०० तास ओलांडले. वरच्या थरात सरासरी ३० ते ५० मायक्रोवॅट प्रति चौ.सेंमी. हवे. १२ ठिकाणी सहा दिशांना मापक धरून बेरीज घेतली: सरासरी ३४, सर्वांत कमी ८, दिव्यांजवळ शंभराच्या पुढे.

दिवा क्र. २ संशयास्पद. एक मीटर समोर तो ६२ दाखवतो, बाकी तिघे ९५ ते १००. नळी बदलली तरी तेच. एसी अर्धा तास बंद केला तर ९४! एसीचा गार झोत थेट नळीवर येत होता. पारानळीची भिंत साधारण ४० अंशांना असते तेव्हा ती सर्वांत जास्त यूव्ही देते. गारठली की पाऱ्याची वाफ कमी होते आणि प्रखरता उतरते. दिवा दीड मीटर बाजूला सरकवला, ९६ आले. सरकवला म्हणजे डोळ्यांच्या उंचीवरची मोजणी पुन्हा आली. केली, कमाल ०.१६. वरची सरासरी आता ३८.

म्हणजे वरच्या थरात ३० सेकंद घालवणाऱ्या कणाला १.१ मिलिज्यूलच्या वर मात्रा मिळते. क्षयाचे जंतू, गोवर व इन्फ्लुएन्झाचे विषाणू यांच्यावर असे दिवे प्रभावी आहेत. बुरशीचे बीजाणू फार चिवट असतात. त्यांच्यासाठी या दिव्यावर विसंबू नये, ते काम गाळणीचे.

याच हिशेबाची दुसरी बाजू: शिडीवर चढून त्या थरात डोके घालणाऱ्याची दिवसाची मर्यादा ३८ च्या प्रखरतेला १५८ सेकंदांत संपते, दिव्याच्या तोंडाशी काही सेकंदांत. त्या वेळी काहीच जाणवत नाही. सहा ते बारा तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते, रात्री झोप लागत नाही. स्विचवर आणि शिडीवरही पाटी लावली: "वर चढण्याआधी यूव्हीची किल्ली काढून खिशात ठेवा."

१ जुलै. हवा वर जाते का?

एका कोपऱ्यात खुर्चीच्या उंचीवर सलाइनचे धुके सोडले. एक मापक १.२ मीटरवर, एक २.९ मीटरवर, दोन्ही समोरच्या कोपऱ्यात.

सगळे बंद: वरच्या मापकाला कळायला ९ मिनिटे. पेट्या मंद: २ मिनिटे. पेट्या आणि छताचे पंखे मंद: एक मिनिटाच्या आत, आणि पाच मिनिटांत वर-खाली आकडे सारखे.

पेट्यांचा झोत छताकडे ठेवला तो यासाठीच. पंखा सर्वांत मंद गतीवर कायम चालू. टेबलापाशी कागद उडतात म्हणून तो बंद होऊ लागला तर पेपरवेट द्यावेत, स्विच नाही. सर्वांत वाईट परिस्थिती म्हणजे वरून गरम हवा सोडणारा हीटर आणि पंखे बंद: गरम हवा छताला चिकटून बसते, खालची गार हवा खालीच राहते.

८ जुलै

आर्द्रता: एसी चालू असताना ५० ते ५८ टक्के, बंद असताना ७२. साठच्या पुढे यूव्हीचा प्रभाव घटू लागतो. ठरवले: एसी बंद तर खिडक्या पूर्ण उघड्या. वेगळे यंत्र नको.

२९ जुलै

पेटी क्र. १ च्या दाराकडच्या गाळणीवर करडा थर, बाकी तीन स्वच्छ. पेटी पाव फेरी फिरवली. दर महिन्याला फिरवायची.

२३ सप्टेंबर. तिमाही तपासणी

वरची सरासरी ३८ वरून ३१. दिवे बंद, नळ्या गार, मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारे कापड. नळ्या, मागचा परावर्तक, पट्ट्या पुसल्या. ३६. उतारातला बहुतेक हिस्सा धुळीचा होता, नळीचा नव्हे. तिमाहीऐवजी दर महिन्याला पुसणे सुरू.

पेट्यांची मीठकण चाचणी, मंद गती: ४.६ वरून ४.१. सुरुवातीच्या ७० टक्क्यांखाली, म्हणजे ३.२ च्या खाली, गेल्या की गाळण्या बदलायच्या. तारखेने नाही.

४ नोव्हेंबर. उग्र वास

टेबलाशी बसणाऱ्यांची तक्रार: सकाळी दिवे लावल्यावर तिखट, झेरॉक्स यंत्राजवळ येतो तसा वास, घशात खवखव. दोनच दिवसांपूर्वी दिवा क्र. ४ ची नळी फुटल्याने बदलली होती. तेवढ्या वॅटची, तेवढ्या लांबीची, पण ओझोन करणारी. खोक्यावरचा क्रमांक शेवटच्या एका अक्षराने वेगळा. दिवे बंद, खिडक्या उघड्या; योग्य नळी घालून डोळ्यांच्या उंचीची मोजणी पुन्हा, कमाल ०.१७. नळीचा पूर्ण क्रमांक आता प्रत्येक दिव्याच्या झाकणाच्या आत रंगाने लिहिला आहे.

नळी फुटल्याच्या दिवशी तुकडे झाडूने गोळा केले गेले, ते चूक. आत पारा असतो. खोली रिकामी करून खिडक्या उघडायच्या, एसी बंद करायचा, तुकडे जाड पुठ्ठ्याने उचलायचे, चुरा चिकटपट्टीने टिपायचा, सगळे झाकणाच्या बरणीत. झाडू आणि व्हॅक्यूम क्लीनर पारा उडवून पसरवतात. जुन्या नळ्याही कचऱ्यात नाही, घातक कचऱ्यात.

५ नोव्हेंबर

नळीबदलाचा हिशेब. उत्पादकाचे आयुष्य ९००० तास. "वर्षाने बदला" ही सूचना चोवीस तास जळणाऱ्या दिव्यासाठी. इथे आठवड्याला ६६ तास, म्हणजे १३६ आठवडे. मात्र दिवे सकाळी एकदा लावायचे आणि रात्री एकदाच बंद करायचे. जेवणाच्या सुट्टीत बंद-चालू केल्याने नळीची टोके लवकर काळी पडतात, वाचते काहीच नाही. सुटी नळी एक, कपाटात, क्रमांक पडताळून ठेवली. पुढची मोजणी २३ डिसेंबरला.